सुभेदारकाकांच्या सहस्रचंद्रदर्शनाआधी : माजी सैनिक संघटनांना व ग्रामपंचायतींना खुले पत्र

प्रति,
आजी-माजी सैनिक संघटनांचे पदाधिकारी,
ग्रामपंचायतींचे अध्यक्ष व सदस्य,
देवस्थान पंच कमिट्या आणि युवक मंडळे,
बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिक्कोडी व निपाणी तालुके.

विषय : सुभेदारकाकांच्या सत्काराबरोबर त्यांचे काम पुढे चालू ठेवण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आमच्या गावच्या देवळाच्या सभामंडपात झालेल्या बैठकीला मी हजर होतो. आपण सारे ज्यांना सुभेदारकाका म्हणतो, त्यांची ऐंशी वर्षे पूर्ण होऊन एक्याऐंशीवे चालू आहे आणि त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा चार-पाच तालुक्यांतील माजी सैनिकांनी मिळून करावा, असे त्या बैठकीत एकमताने ठरले. उघड्या जीपमधून मिरवणूक, लेझीम, मानपत्र, वह्यातुला आणि दुपारी पंगत अशी रूपरेषा वाचून दाखवण्यात आली, वर्गणीची यादी फिरली आणि त्या यादीत मीही माझे नाव घातले. ते मी काढून घेणार नाही. आपल्या भागात ज्या माणसाचा सत्कार सर्वांत आधी व्हायला हवा होता त्याचा तो आता होतो आहे, याचा मला आनंदच आहे.

बैठक संपल्यावर काकांना घरी पोचवायला मी गेलो होतो. डोळ्यांना अलीकडे फार कमी दिसत असल्याने ते माझा दंड धरून चालत होते. उंबऱ्यापाशी थांबून ते म्हणाले, ‘गुरुजी, मिरवणूक काढा नाहीतर नका काढू, पण माझ्यामागं ही ट्रंक कुणाकडं द्यायची तेवढं ठरवा.’ हे पत्र मी त्या एका वाक्यासाठी लिहीत आहे. त्या ट्रंकेत काकांनी माजी सैनिक व त्यांच्या विधवांच्या पेन्शन-अनुदानासाठी केलेल्या अर्जांच्या वह्या आहेत, हे आपल्यापैकी पुष्कळांना ऐकून ठाऊक असेल. मला ते जवळून ठाऊक आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

काकांचा जन्म १९४४ चा, खानापूर तालुक्यातल्या जंगलकाठच्या गावातला. १९६२ च्या चीन युद्धानंतर सैन्याची भरती वाढली, तेव्हा १९६३ साली ते बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात भरती झाले. हे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे आणि आपल्या भागात असे गाव शोधून सापडणार नाही, ज्या गावातला एखादा तरी मुलगा त्या केंद्राच्या फाटकातून आत गेलेला नाही. प्रशिक्षण संपल्यावर त्यांना पहिली बटालियन मिळाली. १७६८ साली उभी राहिलेली ही पलटण ‘जंगी पलटण’ म्हणून ओळखली जाते, हे माजी सैनिकांना मी सांगावे असे नाही. पण हे पत्र युवक मंडळांतील मुलेही वाचतील, त्यांच्यासाठी लिहून ठेवतो.

डिसेंबर १९७१ मध्ये ही पलटण पूर्व पाकिस्तानात जमालपूरच्या मोर्चावर होती. मेघालयाच्या बाजूने उतरलेल्या ९५ माउंटन ब्रिगेडने जमालपूरच्या ठाण्याला वेढा घातला आणि ठाण्यातून दक्षिणेकडे, डाक्क्याच्या दिशेने जाणारी वाट मराठ्यांनी अडवून धरली. ब्रिगेडियर क्लेर यांनी शरणागतीचे पत्र पाठवले, त्याला समोरच्या कमांडरने पत्रासोबत बंदुकीची गोळी गुंडाळून उत्तर दिले, ही हकीकत आता इतिहासाच्या पुस्तकांत आहे. १० डिसेंबरच्या रात्री बलुच पलटणीने वेढा फोडून निसटण्याचा प्रयत्न केला आणि ती थेट मराठ्यांच्या मोर्चावर येऊन धडकली. ११ तारखेला जमालपूर पडले. त्या रस्त्यावर शत्रूचे २०० हून अधिक सैनिक मरून पडले होते. त्यानंतर आपली पलटण टांगाईलच्या बाजूला सरकली, पूंगली पुलापाशी छत्रीधारी सैनिकांना जाऊन मिळाली आणि १६ डिसेंबरला डाक्क्यात शरणागती झाली.

काका तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. लढाईविषयी ते फारसे बोलत नाहीत. शाळेत मी पंधरा ऑगस्टला त्यांना बोलवायचो तेव्हासुद्धा ते मुलांना रायफल साफ कशी करतात आणि पायाला फोड येऊ नयेत म्हणून मोजे कसे घालतात हेच सांगायचे. मात्र एक गोष्ट त्यांनी मला दोन वेळा सांगितली आहे. ११ डिसेंबरच्या सकाळी ज्या जवानांना रस्त्यावरच्या मृतांच्या खिशांतील कागद गोळा करायला लावले होते, त्यांत तेही होते. ओळखपत्रे, पगाराची पुस्तके, घरून आलेली पत्रे असे सारे एका पोत्यात भरायचे होते. सारी पत्रे उर्दूत होती, त्यांना अक्षर लागत नव्हते. एका पत्रात शाईने काढलेला लहान मुलाच्या पंजाचा ठसा होता. काका सांगतात की त्या वेळी त्यांच्या मनात एवढेच आले, की हा कागद नीट पोचला नाही तर ह्या बाईला हिचा नवरा गेला हे कुणी सांगणार नाही, आणि सांगितले तरी सरकारदरबारी ती कोण हे सिद्ध करायला तिच्याजवळ काही उरणार नाही. पुढे चाळीस वर्षे त्यांनी जे केले ते कशातून आले असेल, याचे मला मिळालेले उत्तर हेच आहे.

१९८७ साली नायब सुभेदार म्हणून ते निवृत्त झाले आणि गावी परतले. भाताची दोन एकर शेती, थोडे काजू, घरी आई. त्या वेळी आपल्या खेड्यांतून दुसऱ्या महायुद्धात लढलेली म्हातारी माणसे अजून होती. कुणी १९४१ साली इरिट्रियातल्या केरनच्या डोंगरावर चढलेला, कुणी इटलीत लढलेला. युद्ध संपल्यावर यांतील बहुतेकांना घरी पाठवले गेले, पंधरा वर्षांची नोकरी न भरल्याने पेन्शन नाही, आणि पेन्शन नसलेल्या वृद्ध माजी सैनिकांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून अनुदान मिळू शकते हे त्यांना कुणी सांगितलेलेही नाही. काकांनी पहिली वही या माणसांसाठी घातली. गावोगावी सायकलने जायचे, म्हाताऱ्याच्या कट्ट्यावर बसायचे, त्याच्याकडून नंबर, कंपनी, भरतीचे वर्ष काढून घ्यायचे. कुणाला नंबर आठवायचा पण स्वतःच्या जन्माचे साल आठवायचे नाही. अर्ज लिहून कार्बन कागदावर नक्कल ठेवायची आणि पोष्टाची पावती वहीत चिकटवायची, हा त्यांचा शिरस्ता तेव्हापासूनचा आहे.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो, कारण तिच्यावाचून या कामाची किंमत मला दुसऱ्या कशाने सांगता येणार नाही. माझे वडील शिपाई म्हणून पंधरा वर्षे नोकरी करून आले होते. १९८९ साली ते वारले आणि आईची कुटुंब पेन्शन सुरू होईना. मी त्या वेळी प्राथमिक शाळेत शिक्षक होतो, लिहिता-वाचता होतो, आणि हे काम आपल्याला सहज जमेल असे मला वाटले होते. एका कचेरीत तीन वेळा गेलो. तिन्ही वेळा एकच उत्तर मिळाले, की कागदावरची बाई आणि तुमची आई एकच आहे हे सिद्ध करा. पलटणीच्या कागदात आईचे माहेरचे नाव होते, तेही वडिलांनी जसे उच्चारले तसे कारकुनाने इंग्रजीत लिहून घेतलेले. रेशनकार्डावर सासरचे नाव होते. मतदार यादीत ते कानडीतून आलेले तिसरेच. चौथ्या खेपेला जाण्याची माझी हिंमत झाली नाही आणि मी आईला सांगितले, की आपण माझ्या पगारावर राहू, जाऊ दे.

कुणीतरी काकांना सांगितले असावे. एका संध्याकाळी ते आपणहून आले आणि आईजवळ वडिलांचे डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून निवृत्त होताना मिळालेले नोकरीच्या नोंदींचे पुस्तक, मागितले. आईने ते देव्हाऱ्यात ठेवले होते. लाल खणात गुंडाळलेले, वर झेंडूचे वाळके फूल, आणि रोज पूजेच्या वेळी लावलेल्या हळदकुंकवाने पहिले पान इतके माखलेले, की नंबराचे शेवटचे दोन आकडे दिसत नव्हते. मी चिडलो. काका मात्र काही बोलले नाहीत. त्यांनी निरांजनासाठी वळलेली एक वात मागून घेतली आणि तिच्या टोकाने, श्वास रोखून, कुंकवाचा एकेक कण बाजूला केला. पाण्याचा थेंब लागू दिला नाही. जुनी शाई पाण्याने पसरते हे त्यांना माहीत होते. आकडे दिसल्यावर त्यांनी पुस्तकाला नमस्कार केला, ते पुन्हा खणात बांधले आणि आईला म्हणाले, ‘वहिनी, पूजा करा, पण कुंकू आता कापडाला लावा.’ पुढे ग्रामपंचायतीचा दाखला, नोटरीचे प्रतिज्ञापत्र, दोन माजी सैनिकांची साक्ष आणि रेकॉर्ड ऑफिसला पत्रावर पत्र असे अकरा महिने चालले. थकबाकीसकट पेन्शन आली तेव्हा रोप लावणी चालू होती. आई २०११ साली गेली. शेवटपर्यंत तिने माझ्याकडे औषधाला पैसे मागितले नाहीत. ती ते स्वतःच्या पैशांतून आणायची, आणि त्यामुळे आमच्या घरात तिच्या शब्दाला जे वजन होते ते मी पाहिलेले आहे.

आपल्या भागात हे दुखणे इतके पसरलेले का, याचा विचार आपण संघटना म्हणून कधी नीट केला असे मला वाटत नाही. माणूस मराठी बोलतो, त्याची सेवापुस्तिका इंग्रजीत, जमिनीचा उतारा व दाखले कानडीत. एकाच बाईचे नाव पलटणीत यल्लूबाई, उताऱ्यावर यल्लव्वा आणि आधारकार्डावर इंग्रजीत एक अक्षर कमी-जास्त होऊन आलेले तिसरे. यात कुणाचा दुष्टावा नाही. तीन लिप्यांतून एक नाव फिरले की ते झिजते. पण झिजलेल्या नावाचा भुर्दंड नेहमी त्या बाईलाच बसतो. काकांनी हे ओळखून, पलटणीतल्या बैलहोंगलच्या एका साथीदाराकडून नोकरीत असतानाच बोली कानडी उचलली होती, ती निवृत्तीनंतर लिपीसकट पक्की केली. त्यामुळे त्यांच्या पडवीत कित्तूर-बैलहोंगलकडच्या कानडी बोलणाऱ्या माउल्याही येऊन बसतात आणि त्यांचे अर्जही त्याच वहीत त्याच क्रमाने लागलेले आहेत. भाषेवरून आपल्याकडे काय काय झाले आहे ते साऱ्यांना माहीत आहे. त्या पडवीत मात्र कोण कुठली भाषा बोलते याची चौकशी फक्त अर्ज कुठल्या लिपीत लिहायचा एवढ्यापुरती होते, आणि हे मी कौतुकाने लिहीत आहे.

काकांनी आणखी पुष्कळ केले. पहाटे गायरानावर भरतीसाठी मुलांना पळवले, शाळेच्या आवारात जांभूळ आणि आंबा लावला, २०१९ च्या ऑगस्टात पुराने रस्ते तुटले तेव्हा पंच्याहत्तरीतला हा माणूस तीन दिवस शाळेत थांबून चूल सांभाळत होता. या सर्वांचा उल्लेख मानपत्रात आहे आणि तो योग्यच आहे. मात्र मानपत्राच्या मसुद्यात कागदपत्रांच्या कामाला ‘माजी सैनिकांना मार्गदर्शन’ असे तीन शब्द आलेले पाहून मला वाईट वाटले. मुलांना पळवणारे आज गावोगावी आहेत. ट्रंकेतले काम करणारा दुसरा माणूस पाच तालुक्यांत मला दिसत नाही.

बैठकीत एका तरुण पदाधिकाऱ्याने मला विचारले, की आता सारे संरक्षण खात्याच्या पेन्शनच्या ‘स्पर्श’ या संगणक प्रणालीवर ऑनलाइन झाले असताना, हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून देता येत असताना, या वह्यांचे काय काम. प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याचे उत्तर मी प्रामाणिकपणे देतो. संगणकावर बसलेला मुलगा कागदावर जे आहे ते भरतो. कागदच चुकलेला असेल तर तो थांबतो, आणि ती बाई घरी परत जाते. पेन्शनर किंवा कुटुंब पेन्शनधारक विधवा ऐंशी वर्षांची झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते, पंच्याऐंशीला ३०, नव्वदीला ४०, पंच्याण्णवला ५० आणि शंभराव्या वर्षी १०० टक्के, हा नियम २००६ पासून लागू आहे. आता आपल्या गावातील ऐंशी ओलांडलेल्या वीरपत्नी व विधवा डोळ्यांसमोर आणा. जुन्या पेन्शन आदेशांत पतीची जन्मतारीख असते, पत्नीची पुष्कळदा नसतेच. तारीख नाही म्हणून वाढ नाही, आणि तारीख लावायची तर शाळेत न गेलेल्या बाईने ती आणायची कुठून? काकांनी गेल्या काही वर्षांत अशीच प्रकरणे हाती घेतली होती. थोरल्या मुलाचा शाळेचा दाखला, मतदार यादीतले वय, वैद्यकीय तपासणी असे धागे जोडून त्यांनी एकेक तारीख उभी केली. समान पद समान पेन्शन १ जुलै २०१४ पासून लागू झाली आणि दर पाच वर्षांनी तिचा आढावा होतो, तेव्हा प्रत्येक आढाव्यानंतर आपल्याला मिळालेली रक्कम बरोबर की चूक हे ताडून पाहणारे कुणी गावात असावे लागते. ते कामही काकाच करत. आता त्यांना अंक दिसत नाहीत. मी वाचून दाखवतो आणि ते सांगतात तसे लिहितो, पण मला पलटणीच्या कागदांतील अर्धी संक्षेपाक्षरे कळत नाहीत आणि माझेही वय पासष्ट झाले आहे.

म्हणून माझी विनंती अशी आहे. सोहळा अवश्य करा, पण त्याच दिवशी, त्याच मांडवात, प्रत्येक तालुका संघटनेने दोन माणसांची नावे जाहीर करावीत, जी पुढील सहा महिने आठवड्यातून एक दिवस काकांच्या पडवीत बसून हे काम शिकतील. ही माणसे शक्यतो नुकतीच निवृत्त झालेली, त्यातही क्लार्क म्हणून नोकरी केलेली असावीत. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत भरती झालेल्या मुलांपैकी पहिली तुकडी चार वर्षे पूर्ण करून घरी परतण्याच्या बेतात आहे. त्यांतली पंचवीस टक्के पुढे सैन्यात राहतील, बाकीची आपल्यातच येणार आहेत. शाळेत ती कानडी शिकलेली आहेत, मोबाइल-संगणक त्यांच्या हातचा आहे, सैन्याची कागदपत्रे त्यांनी पाहिलेली आहेत. परतल्यावर पुढे काय करायचे याची काळजी त्यांच्या आई-वडिलांइतकीच संघटनांनीही करायला हवी, आणि त्या काळात त्यांना मानधन देऊन हे काम सोपवता आले तर दोन्ही बाजूंची सोय होईल.

ग्रामपंचायतींनी फार काही द्यायचे नाही. बाजाराच्या दिवशी उघडी राहणारी एक खोली, एक टेबल, एक कपाट ज्याला कुलूप असेल, आणि पायऱ्या नसलेला दरवाजा. शेवटची गोष्ट मुद्दाम लिहिली, कारण आपल्या बहुतेक कार्यालयांच्या पायऱ्या चढताना मी म्हाताऱ्या बायकांना हात टेकवून चढताना पाहिले आहे. देवस्थान पंच कमिट्यांकडे भक्तनिवासाच्या खोल्या रिकाम्या असतात, त्यांतली एक चालेल. वर्गणीतून जीप आणि फ्लेक्स यांवर जो खर्च धरला आहे, त्यातील थोडा कमी करून एक स्कॅनर व प्रिंटर घेता येईल का, हे कमिटीने पाहावे. पंगत कमी करू नका; लांबून येणाऱ्या माणसाने उपाशी परत जाऊ नये ही काकांचीही इच्छा आहे.

वह्यांबद्दल एक काळजी घ्यावी लागेल. ट्रंकेत आजमितीस एकेचाळीस वह्या आहेत आणि त्यांत शेकडो घरांचे नंबर, बँकेची खाती, कुणाच्या दुसऱ्या लग्नाची, कुणाच्या भाऊबंदकीची अशी माहिती आहे, जी लोकांनी काकांवरच्या विश्वासाने सांगितलेली आहे. त्या वह्या उचलून कुणाच्याही हाती देता येणार नाहीत आणि त्यांचे फोटो काढून ग्रुपवर तर मुळीच टाकता येणार नाहीत. ज्या घरातले प्रकरण अजून चालू आहे, त्या घरी जाऊन, विचारून, त्यांच्या संमतीनेच त्याची नक्कल करावी. ज्यांचे काम पूर्ण झाले आहे त्यांची पाने काकांच्या सांगण्याप्रमाणे त्या त्या कुटुंबाकडे परत द्यावीत. कुणाची कुठली पाने आहेत ते त्यांना अजून तोंडपाठ आहे. मी वहीचा क्रमांक सांगतो आणि ते गाव सांगतात.

सध्या चौदा प्रकरणे उघडी आहेत. त्यांतील तीन बायका पंच्याऐंशीच्या पुढच्या आहेत आणि त्यांना वाढीव पेन्शनचा एक रुपयाही मिळालेला नाही. एकीचा अर्ज जन्मतारखेसाठी थांबला आहे, दोघींचा नावासाठी. सोहळा दोन महिन्यांवर आहे. या तिघींसाठी दोन महिने थांबणे मला बरोबर वाटत नाही. येत्या बाजाराच्या दिवशी सकाळी दहा वाजता काका आणि मी पडवीत बसलेले असू. ज्या संघटनेला जो माणूस योग्य वाटेल, त्याला त्या दिवशी चष्मा, कोरी वही आणि काळ्या शाईचे पेन घेऊन पाठवावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
खानापूर तालुका.